ओमाच्या स्वयंपाकघरातले बारा महिने

जर्मन घरात कोणता महिना चालू आहे हे कळायला भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहावे लागत नाही. ओट्यावर काय ठेवले आहे ते पाहिले की पुरे. शतावरीच्या पांढऱ्या कोंबांची जुडी दिसली तर मे महिना, जांभळ्या प्लमनी भरलेली टोपली दिसली तर सप्टेंबर, आणि घरभर दालचिनी-लवंगेचा वास सुटला असेल तर डिसेंबर.

यात नवल वाटण्यासारखे काही नाही. आपल्याकडेही चैत्रात आंब्याची डाळ आणि पन्हे, भाद्रपदात उकडीचे मोदक, संक्रांतीला गुळाची पोळी असतेच. मोदक काही वैशाखात करता येत नाहीत असे नाही, पण केले तरी घरातली माणसे 'आज काय विशेष?' असे विचारतातच. जर्मन माणूस या बाबतीत आपल्यापेक्षाही काकणभर जास्त कडक आहे. ज्याचा काळ नाही तो पदार्थ करायचा नाही, हा नियम तिथल्या जुन्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. तो पाळण्याची आणि पाळायला लावण्याची जबाबदारी असे ओमाची. ओमा म्हणजे आजी.

या नियमामागे केवळ हौस नव्हती. तिथला हिवाळा लांबलचक. बागेत काही उगवत नाही. विजेचे शीतकपाट येण्यापूर्वी अशा दिवसांत घर चालायचे ते तळघरातले बटाटे, पिंपात आंबवलेला कोबी, वाळवलेली फळे आणि खारवलेले मांस यांवर. त्यातून १९१६-१७च्या हिवाळ्यात, पहिले महायुद्ध चालू असताना, बटाट्याचे पीक बुडाले आणि लोकांना गुरांना घालायच्या सलगमसारख्या कंदावर दिवस काढावे लागले. त्याच कंदाचा पाव, त्याचाच मुरंबा. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६-४७च्या हिवाळ्याने पुन्हा उपासमार दाखवली. ज्या घराने हे दिवस पाहिले त्या घरात पहिली ताजी भाजी, पहिले फळ, सणाचे लोणी आणि बदाम यांना जी किंमत असते ती बाजारभावात मोजता येत नाही.

मातीखालचे पांढरे सोने

हिवाळा सरल्याची पहिली खूण म्हणजे हिरवा रंग. फ्रँकफुर्टच्या बाजारात ईस्टरच्या आधी कागदात गुंडाळलेल्या पालेभाज्यांच्या सुरळ्या मिळू लागतात. त्यात पार्सली, चाइव्ह्‌ज, आंबट चुका, हळीवाचा पाला अशा मोजून सात वनस्पती. सातांत एक कमी चालत नाही. या कच्च्याच बारीक चिरायच्या, आंबट साय किंवा दह्यात कालवायच्या, आणि उकडलेल्या बटाट्यांबरोबर, अंड्यांबरोबर खायच्या. ही 'हिरवी सॉस'. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी ती घरोघर होते. जर्मन भाषेत त्या दिवसाचे नावच 'हिरवा गुरुवार' आहे. चवीला म्हणाल तर आपल्या दह्यातल्या कोशिंबिरीची ही दूरची मावसबहीण. २०१६ साली युरोपीय संघाने या सॉसच्या सात वनस्पतींना फ्रँकफुर्टचे म्हणून भौगोलिक संरक्षणही दिले.

एप्रिलच्या मध्यावर श्पार्गेल येतो. ही आपल्या शतावरीच्याच कुळातली भाजी. शेतात मातीचे उंच वरंबे करून कोंब आत झाकून ठेवतात. ऊन लागत नाही म्हणून तो पांढरा राहतो. मातीला भेग पडली की खाली कोंब वर येत आहे असे समजायचे आणि हाताने माती उकरून सुरीने एकेक कापायचा. काम कंबर मोडणारे आहे. ते मुख्यतः पोलंड आणि रुमानियातून येणारे मजूर करतात. २०२० साली करोनामुळे सीमा बंद झाल्या तेव्हा या मजुरांना आणायला खास विमाने सोडावी लागली. एका भाजीसाठी एवढे!

श्पार्गेल ताजा आहे की नाही हे ओमा दोन कोंब एकमेकांवर घासून ठरवते. चिरचिर आवाज आला तर ताजा. शेंड्याच्या खालपासून बुडख्यापर्यंत साल काढायची, मीठ, चिमूटभर साखर आणि लोण्याचा गोळा घातलेल्या पाण्यात शिजवायचा, आणि नव्या बटाट्यांबरोबर वितळलेले लोणी घालून वाढायचा. साली फेकायच्या नाहीत. त्या उकळून त्याच पाण्याचे दुसऱ्या दिवशी सूप. एकदा हंगाम सुरू झाला की आठवड्यातून दोन-तीनदा हाच बेत, आणि कुणी कंटाळत नाही.

कारण सगळ्यांना शेवटची तारीख ठाऊक असते. २४ जून, संत योहानचा दिवस. त्यानंतर तोडणी बंद. यात धर्मापेक्षा शेतकऱ्याचा हिशेब अधिक आहे. कोंब तोडतच राहिले तर झाडाला पाने फुटणार नाहीत, आणि पानांनी उन्हाळाभर मुळांत साठा केला नाही तर पुढच्या वर्षी कोंब येणार नाहीत. पुढच्या वर्षी खायचे असेल तर यंदा थांबले पाहिजे, इतका साधा हा व्यवहार आहे. रुबार्बलाही जुन्या घरांत हीच तारीख लावतात. रुबार्बचे लालसर दांडे आंबटपणात अंबाडीलाही मागे टाकतील असे असतात. त्यांचा साखर घालून केक किंवा पातळसर मुरांबा करतात. पाने मात्र विषारी, ती टाकून द्यायची.

फुलांची भजी आणि बरण्यांची रांग

मे-जूनमध्ये रस्त्याकडेला होलुंडरच्या झाडांवर पांढऱ्या फुलांचे छत्रीसारखे तुरे येतात. दक्षिण जर्मनीतल्या बायका ते देठासकट तोडून आणतात, झटकून किडे काढतात, पातळ पिठात बुडवतात आणि तळतात. देठ धरायला मूठ म्हणून उपयोगी पडतो. वरून पिठीसाखर भुरभुरली की झाली फुलांची गोड भजी. भोपळ्याच्या फुलांची भजी खाल्लेल्या मराठी माणसाला ती परकी वाटू नयेत.

जून-जुलैत स्ट्रॉबेरी, चेरी, रास्पबेरी आणि लालचुटूक योहानिसबेरी एकामागून एक पिकतात. योहानिसबेरीचे नावही त्याच संत योहानच्या दिवसावरून पडले. उत्तर जर्मनीत या सगळ्या लाल फळांची मिळून 'रोटे ग्र्युट्से' करतात. ग्र्युट्से म्हणजे भरड धान्य. पूर्वी फळांच्या रसात ते शिजवत, नंतर त्याची जागा पिठूळ सत्त्वाने किंवा साबुदाण्याने घेतली. जर्मन साबुदाणा बहुधा बटाट्याच्या सत्त्वाचा असतो. किलोभर फळे, साखर बेताची, आणि दाटपणा येईल एवढा साबुदाणा. थंड करून वर दूध किंवा साय ओतायची. उपासाची साबुदाण्याची खीर लाल फळांत न्हाली तर कशी दिसेल, तसे हे काहीसे दिसते.

पण उन्हाळ्यातले सगळे उन्हाळ्यातच संपवायचे नसते. उरलेली फळे काचेच्या बरण्यांत भरून, वर रबराची कडी आणि काचेचे झाकण लावून, मोठ्या पातेल्यात उकळून हवाबंद करायची. या बरण्या विकणारी वेक नावाची कंपनी १९०० साली सुरू झाली आणि तिच्या नावावरून जर्मन भाषेत 'आइनवेकन' असे क्रियापदच तयार झाले. तळघरात फळ्यांवर लावलेल्या, चिठ्ठीवर फळाचे नाव आणि साल लिहिलेल्या बरण्यांची रांग ही गृहिणीची प्रतिष्ठा. आपल्याकडे लोणच्याच्या बरण्यांकडे पाहून सासू सुनेची परीक्षा करायची, तसाच प्रकार.

सप्टेंबरात लांबट जांभळे प्लम येतात. यीस्ट घालून फुगवलेले पीठ मोठ्या तव्यावर पसरायचे, त्यावर बिया काढून अर्धे केलेले प्लम कौले रचावीत तसे दाटीने उभे रचायचे आणि भाजायचे. पीठ जास्त गोड करत नाहीत, कारण गोडी फळाची हवी. कॉफीबरोबर हा केक अंगणात खायला बसले की गांधीलमाश्याही पंगतीला येतात. त्यांना हाकलत खाणे हाही त्या केकचाच भाग.

नोव्हेंबर उजाडला की सगळे करडे होते. ११ नोव्हेंबरला संत मार्टिनचा दिवस. संध्याकाळी मुले कागदाचे कंदील घेऊन मिरवतात आणि मांसाहारी घरांत बदक जातीचा मोठा पक्षी, गान्स, भाजला जातो. जोडीला तांबडा कोबी आणि बटाट्याचे गोळे. गान्समध्ये जी वनस्पती घालतात ती आपल्या दवण्याच्याच कुळातली. निथळलेली चरबीही वाया जात नाही. ती गोठवून हिवाळाभर पावावर लावतात. उत्तरेकडे ग्र्यूनकोल ही कुरळ्या पानांची भाजी थंडी पडल्याशिवाय खुडत नाहीत. गारठ्यात उभ्या पिकाच्या पानांत साखर साठते आणि भाजी गोडसर लागते. शीतकपाटात ठेवून हे होत नाही. तिला शेतातच कुडकुडावे लागते.

चार मेणबत्त्या

नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे आडव्हेंट. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये अनाथ, गरीब मुलांचा आश्रम चालवणारे योहान हिन्‌रिख विखर्न यांना मुले रोज विचारत, नाताळ कधी? त्यांनी एका लाकडी चाकावर रोजच्यासाठी लहान आणि रविवारांसाठी चार मोठ्या मेणबत्त्या लावल्या. रोज एक पेटवायची. त्यातूनच आजचे चार मेणबत्त्यांचे हिरवे कडे घरोघर आले. मुलांना वाट पाहायला शिकवण्याची ही युक्ती होती.

या चार आठवड्यांत स्वयंपाकघर उसंत घेत नाही. आपल्या दिवाळीच्या फराळासारखीच ही धांदल. एका प्रकाराने भागत नाही, डबे निरनिराळे लागतात. दालचिनीच्या चांदण्यांत मैदा नसतोच, बदामाची पूड आणि अंड्याचे पांढरे तेवढे. लाकडी साच्याने नक्षी उठवलेली, बडीशेपेसारख्या अ‍ॅनिसच्या वासाची श्प्रिंगर्ले भाजण्याआधी दिवसभर सुकवावी लागतात, तरच भट्टीत ती सरळ वर फुगतात आणि खाली पाय फुटल्यासारखी दिसतात. घाई केली की वाकडी.

आणि लेबकूखन. मध, सुकामेवा, आणि मसाले: दालचिनी, लवंग, वेलची, जायफळ, सुंठ, धने. यांतले बरेचसे कुठून येत हे मराठी वाचकाला सांगायला नको. काही भागांत याला 'मिऱ्यांचा केक' म्हणतात, कारण एके काळी परदेशी मसाल्यांना सरसकट मिरेच म्हणत. लेबकूखनसाठी प्रसिद्ध असलेले न्युर्नबर्ग शहर व्यापारी वाटांवर होते आणि भोवतालच्या जंगलात मधाला तोटा नव्हता. १५०५ साली पोर्तुगालहून हिंदुस्थानकडे निघालेल्या आरमारात न्युर्नबर्ग आणि औग्सबुर्गच्या सावकारांनी पैसा गुंतवला होता. मलबारच्या किनाऱ्यावरची मिरी अशी लांबच्या वाटेने बर्फातल्या त्या गावांत पोचत असे. आजही 'एलिझन' दर्जाच्या लेबकूखनमध्ये निदान पाव हिस्सा बदाम, अक्रोड किंवा हेझलनट असावा लागतो आणि मैदा दहा टक्क्यांच्या वर चालत नाही.

आपल्या घरी करून पाहायचे तर व्हॅनिलेकिप्फर्ल सोपे. त्यात अंडे नाही. मैदा २५० ग्रॅम, बिनमिठाचे लोणी २०० ग्रॅम, बदामाची पूड १०० ग्रॅम, पिठीसाखर ७० ग्रॅम. सगळे हलक्या हाताने एकत्र करून गोळा तासभर शीतकपाटात ठेवावा. मग बोटाएवढ्या वळ्या करून त्यांना चंद्रकोरीचा आकार द्यावा आणि १७५ अंशांवर बारा ते पंधरा मिनिटे भाजावे. कडा जेमतेम सोनेरी झाल्या की बाहेर. गरम असताना हात लावला तर मोडतात. कोमट झाल्यावर व्हॅनिला घातलेली पिठीसाखर भुरभुरावी. नानकटाई खाल्लेल्या जिभेला ओळख पटायला वेळ लागत नाही. मात्र डब्यात आठवडाभर राहिले की चव खुलते, हे लक्षात ठेवावे.

एवढ्या गोडधोडानंतर २४ डिसेंबरच्या संध्याकाळी काय असेल? अनेक घरांत बटाट्याचे सॅलड आणि उकडलेले सॉसेज! उत्तरेत सॅलडमध्ये मेयोनेज, दक्षिणेत सूप आणि व्हिनेगर, आणि यावरून लग्न झालेल्या जोडप्यांत कायमचा वाद. पूर्वेकडच्या एर्त्सगेबिर्ग या डोंगराळ खाणकामगारांच्या मुलुखात मात्र नऊ पदार्थ करतात. मसूर केले की वर्षभर चिल्लर कमी पडत नाही, बटाट्याचे गोळे केले की मोठी नाणी येतात, अशी समजूत. जेवण होईपर्यंत कुणी उठायचे नाही.

भिंतीपलीकडून येणारा श्टोलन

या सगळ्यांत मानाचा पदार्थ श्टोलन. बेदाणे, बदाम आणि लिंबू-संत्र्याच्या पाकवलेल्या साली घातलेला, पिठीसाखरेने पांढराशुभ्र झालेला लांबट केक. दुपट्यात गुंडाळलेल्या बाळ येशूचे ते रूप मानतात. ड्रेस्डेनमध्ये त्याचा उल्लेख १४७४ साली सापडतो, पण तेव्हाचा श्टोलन फार नीरस असणार. आडव्हेंट हा उपासाचा काळ, लोणी निषिद्ध. मैदा, पाणी आणि तेल एवढ्यावर भागवायचे. सॅक्सनीच्या राज्यकर्त्यांनी पोपकडे अर्ज केले. अखेर १४९१ साली पोप आठवे इनोसंट यांनी लोण्याची परवानगी दिली, आणि बदल्यात चर्चच्या कामासाठी पैसे घेतले. आज ड्रेस्डेनच्या श्टोलनला उलटा नियम आहे. किलोभर मैद्याला निदान अर्धा किलो लोणी आणि साडेसहाशे ग्रॅम बेदाणे हवेतच. मार्गारिन चालत नाही.

सॅक्सनीतल्या घरांत जिन्नस घरचे आणि भट्टी पाववाल्याची, अशी पद्धत होती. आपल्याकडे दिवाळीत रवा, मैदा, तूप घेऊन बेकरीत नानकटाई भाजून आणायला रांगा लागत, अगदी तशीच. आपला श्टोलन दुसऱ्याच्या घरी जाऊ नये म्हणून प्रत्येक घराची नाव कोरलेली पत्र्याची खूण असे. ती पिठात खोचायची.

१९४९ साली जर्मनीचे दोन देश झाले. १९६१ साली बर्लिनमध्ये भिंत उभी राहिली. ड्रेस्डेन पूर्वेकडे गेले. तिथे भट्टी होती, पाककृती होती, हात होते. पण बेदाणे, बदाम, लिंबाच्या साली परदेशातून आणाव्या लागत, आणि त्यासाठी लागणारे परकीय चलन सरकारकडे नव्हते. हिरवे टोमॅटो आणि गाजरे साखरेत पाकवून त्यांनी सालींची उणीव भरून काढायचा प्रयत्न झाला. गाजराचे तुकडे संत्र्याची साल म्हणून खाताना ओमाच्या जिवाला काय वाटत असेल!

तेव्हा पश्चिमेकडचे नातेवाईक शरद ऋतूतच पार्सल पाठवू लागले. त्यावर 'भेटवस्तू, व्यापारी माल नव्हे' असे लिहावे लागे आणि आतल्या वस्तूंची यादी जोडावी लागे. कॉफी, चॉकलेट, आणि श्टोलनसाठी बेदाणे, बदाम, साली. पूर्वेकडची बहीण ते घेऊन पीठ मळी, भट्टीवर नेई, आणि डिसेंबरात भाजलेला श्टोलन कागदात गुंडाळून पश्चिमेकडच्या बहिणीला पाठवी. एकीचे जिन्नस, दुसरीची मेहनत. ज्यांना एकमेकींच्या घरी सहज जाता येत नव्हते त्या एकाच श्टोलनचे तुकडे दोन देशांत खात होत्या. नुसते लोणी-साखरेचे गणित म्हणून पाहिले तर या देवघेवीत काही अर्थ नव्हता. पश्चिमेत दुकानोदुकानी श्टोलन मिळत होता. पण तो बहिणीच्या हातचा नव्हता.

१९८९च्या नोव्हेंबरात भिंत पडली. बेदाणे सगळीकडे मिळू लागले आणि पार्सलांची गरज संपली.

सप्टेंबरातला नाताळ

आता अडचण उलट झाली आहे. ऑगस्ट संपता संपता, अजून उकडत असताना, जर्मन दुकानांत लेबकूखन आणि श्टोलनचे ढीग लागतात. दरवर्षी लोक कुरकुर करतात आणि दरवर्षी विकत घेतात. पेरू देशातून आलेला श्पार्गेल थंडीतही मिळतो. घरात दोघे नोकरी करणारे, मुले दूरच्या शहरात, मग आठवडाभर मुरवायचे पीठ कोण मळणार? ओमाची वही कपाटात असते, पण तीत 'लोणी नेहमीप्रमाणे', 'हाताला कळेल इतके घट्ट' असे लिहिलेले. ज्याने ओमाशेजारी उभे राहून पाहिले नाही त्याला त्या वहीचा उपयोग थोडाच.

तरीही आडव्हेंट आला की अनेक घरांत नातवंडांना पुढे केले जाते. चांदण्या वाकड्यातिकड्या कापल्या जातात, पीठ जमिनीवर सांडते. ओमा त्यांना बाकीचेही शिकवते. श्टोलन भाजल्या दिवशी खायचा नाही. थंड जागी तीन-चार आठवडे मुरू द्यायचा. कापायचा तो कडेने नव्हे, मधोमध. हव्या तेवढ्या फोडी काढल्या की उरलेले दोन्ही भाग पुन्हा एकमेकांना टेकवून ठेवायचे, म्हणजे आतला ओलावा टिकतो आणि श्टोलन नाताळ उलटून गेल्यावरही कोरडा पडत नाही.